अपूर्णांकाचे हत्यार आणि त्याची चिठ्ठी



गणितावर बोलायला मी या व्यासपीठावर उभा आहे हे माझ्या शाळेतल्या मास्तरांना कळते, तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. माझे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढे जे शिकलो ते आधी मशीनवर, आणि मग युनियनच्या कचेरीत, कामगारांच्या हिशेबाचे कागद चाळता चाळता. कामगाराचा पैसा बुडतो तो बहुधा अपूर्णांकात, हे त्या कागदांनीच मला दाखवले.

1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याचे उदाहरण घ्या. शेवटच्या मासिक पगाराला 26 ने भागायचे, 15 ने गुणायचे आणि आलेली रक्कम नोकरीच्या वर्षांनी गुणायची. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण भागाकार तोच राहिला. पगार 26,000 आणि नोकरी 20 वर्षे असेल, तर 3,00,000 रुपये होतात. एका कारखान्यात हिशेबनिसाने 26 च्या जागी 30 धरले. कामगाराच्या पदरात 2,60,000 पडले, आणि उरलेल्या 40,000 साठी आम्हांला आठ महिने खेटे घालावे लागले.

आता हाच हिशेब यंत्राकडे चालला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. (विम्याचा एजंट वेगळा, तो निदान घरी येऊन चहा तरी घेतो.) हा एजंट म्हणजे भाषा जाणणारा संगणक-कार्यक्रम. आपण साध्या शब्दांत काम सांगावे आणि त्याने ते टप्प्याटप्प्याने पार पाडावे. पण त्याचे मूळ कसब शब्दांपुढे शब्द मांडण्याचे आहे. मोठा गुणाकार त्याने नुसता मनाने केला, तर उत्तर चुकीचे असूनही ते तो ठामपणे सांगू शकतो. म्हणून त्याच्या हाती गणिताचे वेगळे हत्यार देतात, आणि हत्याराबरोबर एक चिठ्ठी: हत्याराचे नाव काय, ते काय करते, त्याला काय द्यायचे, ते परत काय देते. कोणते हत्यार उचलायचे आणि कसे धरायचे, हे एजंट मुख्यतः ही चिठ्ठी वाचून ठरवतो.

आमच्या खात्यात नवा हेल्पर आला की फिटर त्याला पाना देताना म्हणायचा, “हा आट्यांवर जपून लाव.” पोराला कळले नाही तर पोरगा विचारी. एजंट पुष्कळदा विचारत नाही. अंदाजाने पुढे जातो. म्हणून फिटरच्या तोंडी असलेले सगळे त्या चिठ्ठीत उतरले पाहिजे.

पायथन नावाच्या संगणकभाषेत अपूर्णांकांचे एक हत्यार 2008 पासून आहे. ते अंश आणि छेद वेगळे सांभाळते, आणि 1/3 ला 0.33 करून टाकत नाही. पण त्याला 0.1 ही संख्या संगणकाच्या नेहमीच्या दशांश रूपात दिली, तर ते 1/10 सांगत नाही. 3602879701896397/36028797018963968 असे सांगते! हत्यार बिघडलेले नाही. संगणक संख्या दोनच्या घातांत साठवतो. आपल्याला दशांशात 1/3 पुरता लिहिता येत नाही, तसाच त्याला 1/10 पुरता लिहिता येत नाही. आत आलेली संख्याच किंचित वेगळी होती, आणि हत्याराने ती प्रामाणिकपणे दाखवली. तीच संख्या अवतरणचिन्हांत, अक्षरे म्हणून दिली की 1/10 मिळतो. चिठ्ठीत ही एक ओळ नसेल, तर एजंटाने ती कुठून ओळखावी?

छेदात शून्य दिले तर हे हत्यार काम नाकारते. ते नाकारणे म्हणजे उत्तर शून्य नव्हे, एवढे लिहून ठेवले की पुरे.

खरी मेख जवळच्या अपूर्णांकाची. छेद अमुक आकड्याच्या आत ठेवून सर्वांत जवळचा अपूर्णांक शोधण्याची सोय या हत्यारात आहे. 0.0833 देऊन छेद 12 च्या आत ठेवायला सांगा, 1/12 मिळेल. आता 1965 च्या बोनस कायद्यातला 8.33 टक्के हा आकडा आठवा. वर्षाच्या 84,000 पगारावर 1/12 ने 7,000 रुपये होतात आणि 8.33 टक्क्यांनी 6,997 रुपये 20 पैसे. फरक 2 रुपये 80 पैशांचा. हजार कामगारांचा 2,800. यांतले कोणते धरायचे हे हत्याराने ठरवायचे नसते. “हे उत्तर जवळचे आहे, बरोबरीचे नाही” असे चिठ्ठीने बजावले पाहिजे.

आणि हत्याराला काय येत नाही, तेही लिहावे. 19 वर्षे 7 महिने नोकरी म्हणजे गणितात 19 पूर्णांक 7/12. ग्रॅच्युइटीला मात्र सहा महिन्यांवरचा तुकडा पुरे वर्ष धरतात, म्हणजे 20. हत्याराला कायदा ठाऊक नाही. वर्षे आधी ठरवून मगच आकडा त्याच्याकडे द्यावा, हे सांगितले नाही तर गणित अचूक होईल आणि माणूस नागवला जाईल.

आमच्या कचेरीतल्या एका तरुणाने अशी चिठ्ठी तयार केली. मी म्हटले, आपण पारखून पाहू. एजंटाला अडीच दिवसांचा पगार काढायला सांगितला. त्याने हत्याराला ‘2 1/2’ असे दिले आणि हत्याराने ते घेतले नाही. त्याला मिश्र अपूर्णांक चालत नाही. मग एजंटाने आपल्याच मनाने 21/2 करून पाहिले, म्हणजे साडेदहा दिवस! मालकाला हे कळते तर त्याने त्या एजंटाला त्याच दिवशी घरी पाठवले असते. आम्ही चिठ्ठीत ओळ वाढवली: अडीच म्हणजे 5/2. पाठोपाठ पाव, पाऊण, सव्वा, दीड आणि पावणेदोन यांचीही ओळ घालावी लागली, कारण आमची माणसे ओव्हरटाइम तशीच सांगतात.