मुलाचे ऑपरेशन आणि घरच्यांची धास्ती

"डॉक्टर, भूल दिल्यावर पोरगं पुन्हा उठेल ना?" चार वर्षांच्या मुलाला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी शहरात पाठविताना त्याच्या आईने मला विचारले. वडील गप्प होते, पण चिठ्ठी घेताना त्यांचा हात थरथरत होता.

ही भीती स्वाभाविक आहे. हसते-खेळते मूल आपणहून ऑपरेशनला न्यायचे, हे आईबापांना जड जाणारच. परंतु लहान मुलाचा जांघेतील हर्निया औषधाने किंवा पट्ट्याने बरा होत नाही. आतडे अडकले तर रात्री-अपरात्री घाईने ऑपरेशन करावे लागते. त्यापेक्षा ठरवून केलेले ऑपरेशन अधिक सुरक्षित. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत मुलाच्या उशाशी असतात. नाडी, श्वास आणि रक्तातील प्राणवायू यांवर त्यांचे सतत लक्ष असते.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे मूल भुकेने रडू लागले. आजींनी हळूच दोन बिस्किटे दिली. भूलतज्ज्ञांनी विचारताच त्यांनी कबूल केले आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेले. वडिलांनी संतापून मला फोन केला. मी म्हटले, "आजींनी चूक केली, पण सांगितली. लपवली असती तर?" भुलेत पोटातील अन्न उलटून फुप्फुसात गेले, तर जिवावर बेतू शकते.

म्हणून पालकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) साधारणपणे जेवण, बिस्किटे, वरचे दूध ६ तास आधी, अंगावरचे दूध ४ तास आधी आणि पाणी २ तास आधी बंद करतात. मात्र तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळावी.

२) ताप, सर्दी, खोकला, दमा, चालू औषधे, औषधाची ॲलर्जी, यातले काहीही लपवू नये. ऑपरेशन पुढे गेले तरी चालेल.

३) "फिरायला जाऊ" असे खोटे सांगून मुलाला नेऊ नये. "डॉक्टर झोपवतील, उठशील तेव्हा आम्ही जवळ असू," एवढे सांगावे. आवडते खेळणे बरोबर द्यावे.

४) शुद्धीवर येताना काही मुले रडतात, हातपाय झाडतात. बहुधा थोड्या वेळाने ती शांत होतात.

आणि मनातली शंका डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन सुखरूप पार पडले. टाके दाखवायला आले तेव्हा आई हसत सांगत होती, "डॉक्टर, शुद्धीवर येताच यानं आजीकडे बिस्कीटच मागितलं!"