बॅगेतली सर्पगंधा

सुट्टी संपवून दुबई-शारजाला परतताना तुमच्या बॅगेत मेतकूट असतं, कुळथाचं पीठ असतं, आणि कधीकधी काकांनी आग्रहाने दिलेली ‘बीपीवरची’ मुळीची पूडही असते. ती सर्पगंधेची असेल, तर ती औषध नाही असं मात्र समजू नका. फार जबर औषध आहे ते.

१९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी या मुळीचा रक्तदाबावरचा गुण छापून मांडला, पण जगाचं लक्ष गेलं ते १९४९ मध्ये. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. तीनच वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या परळचा हा माणूस आपल्याला इतका कमी माहीत असावा, याचं मला नवल वाटतं.

रिसर्पिन करतं काय? हृदयाला ‘जोरात आवळ’ असा निरोप देणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन छोट्या पिशव्यांत साठवलेलं असतं. रिसर्पिन या पिशव्या भरूच देत नाही. साठा संपतो, निरोप क्षीण होतो. हृदयाचे ठोके मंदावतात, आकुंचनाचा जोर उतरतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब खाली येतो.

पण अशाच पिशव्या मेंदूतही आहेत, तिथे सेरोटोनिन आणि डोपामिनही असतं. म्हणून जास्त मात्रेत काही रुग्णांना खोल नैराश्य आलं. नाक चोंदणं हा त्यातला किरकोळ त्रास! शिवाय पिशव्या नव्याने तयार व्हाव्या लागतात, त्यामुळे औषध थांबवलं तरी परिणाम बरेच दिवस रेंगाळतो. नवी औषधं आल्यावर रिसर्पिन मागे पडलं ते यामुळेच.

गोळीत रिसर्पिन मोजून, मिलिग्रॅमच्या अंशांत असतं. चमचाभर पुडीत किती, हे कोण सांगणार? मुळी कुठली, किती जुनी, यावर ते बदलतं. त्यावर डॉक्टरांची बीटा-ब्लॉकरची गोळी चालू असेल, तर ठोके धोकादायक इतके मंदावू शकतात. इथल्या क्लिनिकमध्ये ‘दुसरं काही घेता का?’ असं विचारतात, तेव्हा आपण बिनदिक्कत ‘नाही’ म्हणतो, कारण घरची पुडी आपल्या हिशेबात औषधच नसते. पुढच्या वेळी ती पुडी सोबत न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. घरात कुणाला नैराश्याचा त्रास होऊन गेला असेल, तर हेही सांगा.

आणि पुढच्या खेपेला सुटी मुळी आणू नका. अति खोदाईमुळे सर्पगंधा दुर्मीळ झाली आहे आणि १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. काकांना काय सांगायचं ते तुम्ही बघा.