ट्रंक ते डिकी

दिवाळीच्या सुट्टीत दिवेआगरला निघालेल्या गाड्या बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेतून जातात. परतताना डिकीत नारळ, आमसुलं, कडवे वाल आणि जमलं तर रोठा सुपारीची पिशवी असते. शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या मंडळींना वाटायला. गावाकडून शहराकडे भेट जाण्याची ही रीत तशी अलीकडची. त्याआधी कित्येक पिढ्या वाट उलटी होती. चाकरमानी सणाला घरी आला की ट्रंक उघडायची आणि अख्खं घर भोवती जमायचं.

त्या ट्रंकेत कुठला माल असावा, हा वाद १९०५ साली पेटला. वंगभंगाच्या घोषणेनंतर ऑक्टोबरमध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. बोर्ली तेव्हा जंजिरा संस्थानात, सिद्दी नवाबाच्या अमलाखाली. इथला माणूस मात्र मुंबईच्या गिरणीत, त्याच ‘स्वदेशी’ कापडाच्या मागावर.

आणि इथेच स्वदेशीचा एक कोपरा अंधारात राहिला. माल कुठल्या देशाचा, हे विचारलं गेलं. तो करणाऱ्याच्या पदरात काय पडतं, हे फारसं कुणी विचारलं नाही. कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा आला तो १९११ मध्ये. बहिणीला नेलेलं लुगडं देशी असेलही, पण ते विणणाऱ्याला दिवस मावळलेला दिसत नव्हता.

तो दुसरा प्रश्न पुढे कामगारांनी आणि बायकांनी आपापल्या परीने सोडवायला घेतला. १९४८ मध्ये नायगावात गिरणगावाच्या कुशीत ‘अपना बाजार’ ही ग्राहक सहकारी संस्था सुरू झाली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून झालेल्या लिज्जतचं वेगळेपण हे की लाटणारी बाई तिथे नोकर नाही, भागीदार आहे. जगात आज ‘न्याय्य व्यापार’ म्हणून ज्याची वाखाणणी होते, त्यातला बराचसा भाग पापडाच्या त्या पुडक्यात आधीच होता. फक्त तसं लेबल नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. कोकणातल्या किती घरांत त्या वर्षी ट्रंक रिकामी आली, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. श्रीवर्धन-म्हसळा पट्ट्यातल्या मुस्लिम घरांत तोवर आखाती देशांतून येणाऱ्या सामानाचा ओघ सुरू झाला होता. अत्तर, कापड, टेपरेकॉर्डर. तिथे ‘फॉरेनचं’ असणं हीच मालाची प्रतिष्ठा होती. १९०५ ची होळी विझून जमाना लोटला होता.

वाट फिरली ती पर्यटनाने. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी दिवेआगरच्या एका पोफळीच्या वाडीत सोन्याच्या गणपतीचा मुखवटा सापडला आणि शनिवार-रविवारची वर्दळ वाढत गेली. २०१२ मध्ये मुखवटा चोरीला गेला, दोन रखवालदारांचा जीव गेला. समुद्रासाठी येणारे मात्र येतच राहिले. घरगुती खानावळी, फेण्या-पापड, बचत गटांचा माल यांना गिऱ्हाईक दारात मिळालं. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून होतं, ‘उमेद’ अभियान २०११ मध्ये आलं, महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांमुळे गावातल्या बाईचा माल मुंबईत मांडला जाऊ लागला. फराळाचे डबे आता बाहेरगावीही जातात.

२३ जून २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली आणि भेटीचं बाह्यरूप पालटलं: कागदी पिशवी, कापडी बटवा, पोफळीच्या विरीची ताटली. चांगलंच झालं. पण कागदात गुंडाळल्याने आतला माल स्थानिक होत नाही. काजू कुठून आला, हे बटवा सांगत नाही.

सुपारीचं उदाहरण बोलकं आहे. श्रीवर्धनचा रोठा मोठा, आतून पांढरा आणि मऊ, म्हणून नावाजलेला. फळ उतरल्यावर ते महिना-दीड महिना उन्हात वाळवावं लागतं, मग सोलायचं. म्हणजे दिवाळीत विकली जाणारी सुपारी बहुधा मागच्या हंगामाची. ‘ताजी’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर थोडं थांबावं. आंबापोळीचंही तेच, ती मे महिन्याची.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. एका हेक्टरात हजाराहून अधिक झाडं दाटीने उभी असतात. म्हणून नुकसानीची मदत हेक्टरावर नको, झाडावर मोजा, यावर बागायतदार हटून बसले. नवं रोप धरायला पाच ते सात वर्षं लागतात. वादळानंतर लगेच लावलेली रोपं या हिशेबाने २०२५ ते २०२७ च्या दरम्यान फळावर यायची. तोवर उरलेल्या झाडांची सुपारी थोडी आणि तिचं नाव मोठं, अशी जोडी. इतर भागांतली सुपारी रोठ्याच्या नावाने खपायला याहून सोयीचा काळ कुठला? बाजारपेठेत गाडी थांबवलीच असेल, तर भाव विचारण्याआधी वाडी कुठली ते विचारायला हरकत नाही. दुकानदार ओळखीचा असला तर हाताने दिशाही दाखवेल.