मका गोठ्यातून चुलीवर

हडपसर म्हटले की आता डोळ्यांपुढे उंच इमारती आणि सोलापूर रस्त्यावरची गर्दी येते. परंतु मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर पिकलेल्या इथल्या भाजीपाल्याने पुण्याची मंडई वर्षानुवर्षे भरली, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. मांजरीच्या अंगाला अजून काही मळे तग धरून आहेत. अशाच एका मळ्यात मी गेल्या हिवाळ्यात गेलो होतो. दोन गाई, एक म्हैस आणि त्यांच्यासाठी केलेला मका. पडवीत दाण्यांची दोन पोती उभी होती.

मी सहज म्हटले, "आजी, यातला थोडा मका घरात का शिजवीत नाही?"

आजी हसल्या. "सायेब, ढोरांचं खाणं माणसांनी खायाचं व्हय? भात्तर सालात मिलो खाल्ला, तेवढं बास झालं."

१९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेला तो तांबडा मिलो ज्यांनी खाल्ला आहे, त्यांचा हा राग मला समजतो. पण मक्याने काही पाप केलेले नाही. कोवळे कणीस आपण भाजून आवडीने खातो. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा कुटुंबांत मक्याची भाकरी नित्याची आहे. अडचण आहे ती वाळलेल्या अख्ख्या दाण्याची. त्याची साल जाड, ती दातात अडकते आणि पोटाला जड जाते.

ही साल काढण्याची युक्ती मक्याच्या मूळ मुलखातच, म्हणजे मेक्सिकोकडे, फार पूर्वी सापडली. तिथल्या बायका दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवीत. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी लाकडाच्या राखेचे पाणी वापरीत. असा सोललेला, फुगलेला मका अमेरिकेच्या दक्षिण भागात 'हॉमिनी' नावाने ताटात असतो, आपल्याकडे उसळ असते तसा.

यात नुसता चवीचा प्रश्न नाही. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेले असते, ते अंगी लागत नाही. चुन्याने ते मोकळे होते. युरोपियन लोकांनी मका आपल्या देशी नेला, चुन्याची रीत मात्र नेली नाही. मग जिथे गरिबाच्या पोटात मक्यावाचून फारसे काही जाईना, तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. उन्हाने कातडी काळवंडून सोलते, हगवण लागते, बुद्धी भ्रमते. अमेरिकेच्या दक्षिणेतही या रोगाने हजारो माणसे गेली. हा संसर्ग नसून आहारातील उणीव आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ च्या सुमारास प्रयोग करून दाखविले. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर राहणाऱ्यांतही हा रोग आढळला आहे.

आता कृती. अर्धा किलो स्वच्छ, वाळलेला मका घ्यावा. दोन लिटर पाण्यात एक लहान चमचा खायचा चुना कालवावा. कोहळ्याच्या पेठ्याला आपण वरची निवळी घेतो, म्हणून मीही पहिल्या वेळी निवळीच घेतली होती. साल धड सुटली नाही. इथे दुधाळ पाणीच हवे. भांडे स्टीलचे घ्यावे. जर्मनचे पातेले चुना खातो. रंगकामाचा चुना मुळीच वापरू नये, आणि चुन्याची पुडी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. तसे झाल्यास डोळा लगेच भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावा आणि दवाखाना गाठावा.

मंद आचेवर पाऊण ते एक तास उकळू द्यावे. दाणा गर्द पिवळा होतो आणि नखाने साल सरकते. मग भांडे उतरवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी ते पाणी ओतून द्यावे आणि दाणे दोन्ही तळहातांत चोळून चार-पाच पाण्यांनी धुवावेत. साली वर तरंगतात. चुन्याचा बुळबुळीतपणा पुरता गेला पाहिजे. नंतर ताज्या पाण्यात दाणे फुलून मऊ होईपर्यंत शिजवावेत. चुलीवर दीड-दोन तास लागतात, कुकरमध्ये सरपण वाचते.

तेलात मोहरी, जिरे, कढीलिंब, हिरवी मिरची आणि दोन कांदे परतावेत. मका घालून मीठ, मूठभर दाण्याचे कूट आणि कोथिंबीर टाकावी, दोन वाफा द्याव्यात. तिकडची मंडळी लोणी घालतात. घरी असेल तर आपणही घालावे. मक्यातील प्रथिने अपुरी असतात, म्हणून सोबत मटकीची उसळ, वरण किंवा ताक असू द्यावे.

आजींच्या सुनेने हे सारे ऐकून घेतले आणि दुसऱ्या पोत्याचे तोंड सोडले. आत हात घातला तर दाणे गरम लागले. खाली काळी-हिरवी बुरशी होती. "हा बाजूला काढून म्हशीला घालू," घरधनी म्हणाले. मी त्यांना तिथेच अडविले.

१९७४ साली गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर आदिवासी माणसे काविळीने दगावली. अवकाळी पावसात भिजलेले धान्य त्यांनी नाइलाजाने खाल्ले होते. गावातली कुत्रीही मेली होती. या बुरशीचे विष अफलाटॉक्सिन. ते शिजवून जात नाही, चुन्याने जाईल असा भरवसा धरू नये. जनावराला घातले तर दुधात उतरते, म्हणजे पुन्हा आपल्याच लेकरांच्या पेल्यात. तसेच बियाण्याची औषध लावलेली रंगीत मक्याची पिशवी उरली, तर ती माणसाच्या किंवा जनावराच्या तोंडी जाता कामा नये.

घरधनी गप्प बसले. एका पोत्याचे पैसे म्हणजे शेतकऱ्याला थोडे नसतात. अखेर ते पोते त्यांनी बांधाच्या कडेला खड्डा करून पुरले. चांगले पोते सुनेने अंगणात पसरले. दाताखाली दाणा कट्‌कन फुटेपर्यंत वाळवायचा आणि जमिनीला न टेकवता फळीवर ठेवायचा, असे ठरले.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा ताटात भाकरीशेजारी मका होता. आजींनी दोन घास खाल्ले, म्हणाल्या, "कूट अजून घाल गं, आन् मिरची कमी कर." मग वाटी पुढे केली.