व्हिडिओखालच्या चौकटीत काय काय मावतं?

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ 23 एप्रिल 2005 रोजी चढला. लांबी अवघी 19 सेकंद. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा असलेला जावेद करीम, यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी एक, त्यात दिसतो. व्हिडिओ इतक्या वर्षांत तसाच आहे, पण त्याच्याखालचं डिस्क्रिप्शन करीमने बऱ्याचदा बदललं. नोव्हेंबर 2021 मध्ये यूट्यूबने डिसलाइकचे आकडे लपवायला सुरुवात केली, तेव्हा त्याने आपला निषेध याच चौकटीत लिहिला.

यातून एक सोय लक्षात घ्यावी. डिस्क्रिप्शन कधीही बदलता येतं. व्हिडिओ नव्याने चढवावा लागत नाही, त्याचा पत्ता बदलत नाही, जमलेले व्ह्यूज आणि कमेंट जागच्या जागी राहतात. मराठीत शेकडो चॅनेलांवर मेहनतीने केलेले व्हिडिओ पडून आहेत आणि त्यांच्याखाली ‘लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा’ यापलीकडे एक ओळ नाही. ते शोधणाऱ्याला सापडणार कसे?

पत्त्यात नाव नाही

यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओच्या पत्त्यातली ओळख 11 अक्षरचिन्हांची असते. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं, आकडे, एक आडवी रेघ आणि एक अधोरेघ अशा 64 चिन्हांमधून ती बनते. बातमीच्या किंवा लेखाच्या पत्त्यात बऱ्याचदा विषयाचे शब्द असतात, इथे नसतात. म्हणजे व्हिडिओ कशाबद्दल आहे हे लिहून सांगण्याच्या मुख्य जागा दोनच उरतात: शीर्षक आणि डिस्क्रिप्शन. शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे. सविस्तर बोलायचं तर खालीच यावं लागतं. आणि गर्दी केवढी! 2019 मध्ये यूट्यूबवर दर मिनिटाला 500 तासांपेक्षा जास्त लांबीचे व्हिडिओ चढत होते.

‘भाकरी’ महाग, ‘bhakri’ स्वस्त? देवनागरीचा हिशेब

डिस्क्रिप्शनची मर्यादा पाच हजार, हे बहुतेकांना माहीत असतं. पाच हजार काय? यूट्यूबच्या तांत्रिक कागदपत्रांत ही मर्यादा 5000 बाइट अशी दिली आहे. संगणकाच्या आजच्या प्रचलित पद्धतीत साधं रोमन अक्षर एका बाइटमध्ये बसतं, तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. ‘भाकरी’ची पाच चिन्हं होतात: भ, काना, क, र, वेलांटी. म्हणजे 15 बाइट. हाच शब्द रोमनमध्ये सहा अक्षरांत, सहा बाइटमध्ये उरकतो. ‘क्षेत्र’ तर सात चिन्हांचा, 21 बाइटचा.

या हिशेबाने पूर्ण देवनागरी मजकुराला साधारण 1,660 चिन्हं मिळतात, म्हणजे ढोबळमानाने अडीचशे-तीनशे शब्द. ते भरपूर आहेत. पाककृती, पिकाची फवारणी, गणिताचं प्रमेय, गडाची वाट, काहीही इतक्या शब्दांत नीट सांगता येतं.

एक बारीकशी अडचण गणिताच्या शिक्षकांसाठी: ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठं’ ही दोन्ही चिन्हं शीर्षकात आणि डिस्क्रिप्शनमध्ये चालत नाहीत. असमानतेचा धडा असेल तर तो शब्दांतच लिहावा लागतो.

पहिल्या दोन ओळी सोन्याच्या

डिस्क्रिप्शनचा सुरुवातीचा तुकडा तेवढा दिसतो. बाकीचा मजकूर ‘मोअर’च्या मागे झाकलेला असतो आणि तो उघडण्याची तसदी सगळे घेत नाहीत. महत्त्वाचे शब्द आरंभीच घ्या, असं यूट्यूब स्वतः क्रिएटरना सांगतं. व्हिडिओचं वर्णन करणारे एक-दोन मुख्य शब्द निवडा आणि ते शीर्षकातही आणि डिस्क्रिप्शनमध्येही ठळकपणे येऊ द्या, हाही त्यांचाच सल्ला.

आता आपल्याकडे काय होतं ते पाहा. ‘नमस्कार मित्रांनो, आपल्या चॅनेलवर तुमचं मनःपूर्वक स्वागत आहे. आजच्या व्हिडिओमध्ये आपण एक खास रेसिपी पाहणार आहोत.’ दोन ओळी संपल्या आणि रेसिपी कसली हे कळलंच नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘तव्यावर परतलेली खुसखुशीत कोथिंबीर वडी. एक मोठी जुडी कोथिंबीर आणि बेसन घेऊन केलेली. वडी कापताना तुटू नये म्हणून पीठ किती घट्ट हवं आणि किती वेळ वाफवायचं, तेही दाखवलं आहे.’ आता सर्चला शब्द मिळाले आणि माणसाला कारण मिळालं. ज्याची वडी काल तुटली तो इथे थांबणारच.

नमस्कार-चमत्कार व्हिडिओत करावेत, तिथे ते शोभतात.

शेतकरी ‘तेल्या’च शोधतो

मला यातला सगळ्यात रंजक भाग हा वाटतो. डाळिंबावरच्या एका रोगाला पुस्तकात ‘जिवाणूजन्य करपा’ म्हणतात. सोलापूर-सांगोल्याकडचा बागायतदार त्याला ‘तेल्या’ म्हणतो, कारण पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात. फोनवर तो ‘तेल्या’ असंच टाइप करणार किंवा बोलणार. एखाद्या तज्ज्ञाने उत्तम व्हिडिओ करून खाली फक्त पुस्तकी नाव लिहिलं, तर ज्याची बाग जळते आहे त्याच्यापर्यंत तो पोचायला अवघड जातं. द्राक्षाचंही तसंच. नाशिककडे एप्रिलमधली ‘खरड छाटणी’ आणि ऑक्टोबरमधली ‘गोडी छाटणी’ हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. रोगांमध्ये ‘भुरी’, ‘केवडा’ आणि ‘डाउनी’ हे तिन्ही शब्द चालतात. यातले ‘केवडा’ आणि ‘डाउनी’ एकाच रोगाचे. दोन्ही लिहावेत, वाक्यात गुंफून: ‘द्राक्षावरील डाउनी म्हणजेच केवडा रोग ऑक्टोबर छाटणीनंतर कसा ओळखायचा’. एका ओळीत पीक, रोग, त्याचं दुसरं नाव, हंगाम आणि प्रश्न, पाचही आले.

हे शब्द कुठून मिळवायचे? चॅनेल चालवणाऱ्याला यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये ते आयते मिळतात. प्रेक्षक कुठून आले या भागात ‘यूट्यूब सर्च’ उघडलं की लोकांनी काय टाइप करून आपला व्हिडिओ गाठला त्याची यादी दिसते. बरीचशी मराठी चॅनेलं ही यादी कधी उघडतच नाहीत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्या प्रेक्षकाची बोली तिथे समोर मांडून ठेवलेली असते. गूगल ट्रेंड्समध्येही ‘वेब सर्च’च्या जागी ‘यूट्यूब सर्च’ निवडायची सोय आहे. दोन शब्दांपैकी लोक जास्त कोणता वापरतात, ते तिथे फुकटात कळतं. आणि यूट्यूबच्या शोधपट्टीत पहिले दोन शब्द टाकून थांबलं, तरी खाली सुचवण्या येतात.

एकच भाकऱ्या, दोन स्पेलिंगं

‘भाकऱ्या’मधला तो रफारासारखा वाकडा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साध्या ‘र’ला पाय मोडून एक अदृश्य जोडचिन्ह देतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी चिन्हांची रांग वेगळी असते. ‘ॲप’ची कथा आणखी लांब. काही जण अ वर चंद्र काढतात, काही जण हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ वापरतात, आणि मराठीसाठी म्हणून ‘ॲ’ला युनिकोडमध्ये 2008 साली स्वतःची वेगळी जागाही मिळाली. आपण एक पद्धत ठरवावी आणि शीर्षक, डिस्क्रिप्शन, सबटायटल सगळीकडे तीच ठेवावी. फोनच्या मराठी कीबोर्डवरून थेट टाइप करणं सगळ्यात बरं.

डीटीपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर मात्र चिकटवू नका. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. यूट्यूबवर आणलं की त्याची खिचडी होते आणि ती कोणी शोधत नाही.

रोमनमधली मराठी हा वेगळाच प्रांत. ‘थालीपीठ’ शोधताना ‘पीठ’साठी कुणी एक ई लिहितो, कुणी दोन, कुणी शेवटचा एच गाळतो. अशा चुकीच्या किंवा वेगळ्या स्पेलिंगांसाठी एक जागा राखून ठेवली आहे: टॅग. शोधात टॅगचा वाटा अगदी कमी असतो आणि शब्दाचं स्पेलिंग लोक हमखास चुकवत असतील तर त्यांचा उपयोग होतो, असं यूट्यूबच सांगतं. टॅगना एकूण 500 अक्षरांची जागा आहे. ‘शंभर टॅग टाका आणि व्हायरल व्हा’ असं सांगणाऱ्यांवर वेळ घालवू नये. गूगलने वेब पानांतला कीवर्डचा टॅग क्रमवारीसाठी वापरत नसल्याचं सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलं होतं. हे वारं तेव्हापासूनच फिरलेलं आहे.

तीच टॅगांची माळ डिस्क्रिप्शनच्या तळाशी ओतणं तर थेट नियमांविरुद्ध आहे. व्हिडिओशी संबंध नसलेल्या नटनट्यांची नावं, गाजलेल्या सिनेमांची नावं, स्वल्पविराम देत देत पन्नास शब्द: यूट्यूबच्या धोरणात हे दिशाभूल करणाऱ्या माहितीत मोडतं आणि त्यापायी व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो.

तीन दिसतात, साठनंतर सगळे जातात

हॅशटॅगचे दोन आकडे पाठ करावेत. डिस्क्रिप्शनमध्ये टाकलेल्या हॅशटॅगपैकी जास्तीत जास्त तीन शीर्षकाजवळ दिसू शकतात. आणि साठपेक्षा जास्त झाले, तर यूट्यूब त्या व्हिडिओवरचे सगळेच हॅशटॅग दुर्लक्षित करतं. लोभ केला की होते तेही गेले. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, म्हणून #कोथिंबीरवडी असं जोडून लिहावं.

मधलं थेट दाखवा

2011 मध्ये इंटरनेटवर ‘वॅड्सवर्थ कॉन्स्टंट’ नावाची एक गमतीदार कल्पना गाजली. कोणत्याही व्हिडिओचा पहिला 30 टक्के भाग गाळला तरी काही बिघडत नाही, असं ती म्हणायची. यूट्यूबच्या एका इंजिनिअरने तर पत्त्याला एक शब्द जोडला की व्हिडिओ तिथूनच सुरू होईल अशी सोयही करून टाकली होती.

आज यासाठी चॅप्टर, म्हणजे व्हिडिओचे नावं दिलेले भाग, आहेत. ते 2020 मध्ये आले आणि डिस्क्रिप्शनमध्ये नुसते टाइमस्टॅम्प लिहून तयार होतात. नियम तीन. पहिला टाइमस्टॅम्प 0:00 हाच हवा. किमान तीन असावेत आणि चढत्या क्रमाने. प्रत्येक भाग निदान 10 सेकंदांचा हवा. अंक इंग्रजी ठेवा, नावं मराठीत द्या. ‘भाग 1, भाग 2’ अशी नावं देऊन जागा फुकट घालवू नये. ‘4:10 हरिश्चंद्रगड: खिरेश्वरहून टोलार खिंडीपर्यंतची वाट’ हे नाव स्वतःच शोधात उपयोगी पडतं. व्हिडिओतल्या महत्त्वाच्या क्षणांचे दुवे गूगलच्या शोधनिकालांतही दिसतात. 40 मिनिटांच्या व्याख्यानांना, कीर्तनांना आणि शेतीच्या चर्चासत्रांना याची सर्वाधिक गरज आहे आणि नेमकं तिथेच हे कमी दिसतं.

शॉर्ट्सवाल्यांसाठी झटपट नोंद: 31 ऑगस्ट 2023 पासून शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमधल्या लिंक क्लिक होत नाहीत. तिथे लिंकची रांग लावू नका.

न्यू जर्सीतल्या नातवंडांसाठी

शीर्षक आणि डिस्क्रिप्शन यांची भाषांतरं त्याच व्हिडिओला जोडता येतात. स्टुडिओत ही सोय आहे. मूळ मजकूर मराठीत ठेवायचा, इंग्रजी वेगळा भरायचा. इंग्रजी वापरणाऱ्याला मग ते इंग्रजीत दिसू शकतं. परदेशात वाढलेली, मराठी समजणारी पण देवनागरी न वाचणारी मुलं पुरणपोळी शोधतात तेव्हा हे कामाला येतं. एकाच चौकटीत मराठी-इंग्रजी-रोमन सगळं कोंबण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी स्वच्छ.

नुसतं लिहून भागेल का?

नाही. 2012 मध्ये यूट्यूबने व्ह्यूजच्या आकड्यापेक्षा लोक किती वेळ पाहतात याला जास्त महत्त्व द्यायचं ठरवलं. आज शोधाच्या क्रमवारीसाठी ते तीन गोष्टी सांगतात: प्रश्नाशी जुळणी, प्रेक्षकांचा प्रतिसाद आणि दर्जा. डिस्क्रिप्शन यातल्या पहिल्या गोष्टीला मदत करतं. खोटं लिहून माणूस आणला तर तो दहा सेकंदांत जातो आणि दुसरी गोष्ट बिघडते. म्हणून व्हिडिओत आहे तेच लिहावं, हा सल्ला नीतीचाही आणि फायद्याचाही.

सणाचं गणित मात्र विसरू नका. उकडीचे मोदक भाद्रपदाच्या तोंडावर शोधले जातात, चकली दिवाळीआधी. तीन वर्षांपूर्वीच्या मोदकाच्या व्हिडिओला गणेश चतुर्थीआधी नीट डिस्क्रिप्शन मिळालं, तर तो पुन्हा कामाला लागू शकतो.

नव्याने चढवल्या जाणाऱ्या सगळ्या व्हिडिओंना एकच मजकूर आपोआप चिकटवण्याची सोय स्टुडिओत आहे. संपर्क, वेळापत्रक, सोशल मीडियाचे दुवे यांसाठी ती वापरा, पण तो भाग तळाशी जाऊ द्या. वरचा भाग प्रत्येक व्हिडिओचा वेगळा असावा.

शिक्षक, शेतकरी, सुगरणी, गिर्यारोहक, कीर्तनकार हो, तुमच्या चॅनेलवर सर्वांत जास्त कष्टाने केलेला एक व्हिडिओ निवडा आणि त्याच्याखाली आज दीडशे शब्द मराठीत लिहा. उद्या दुसरा घ्या.