बदलीनंतरही टिकलेलं नेतृत्व

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. डिसेंबर आणि जानेवारीतल्या त्या हिंसाचारात मुंबईत सुमारे ९०० माणसं मारली गेली. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी होरपळलेली, जिच्या नुसत्या नावानं पोलीस खात्याच्या पोटात गोळा यायचा, तीच ही भिवंडी.

या शांततेचं मूळ चार वर्षं मागे आहे. १९८८मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले. तोवरची पद्धत ठरलेली होती: तणाव वाढला की शांतता समिती बोलवायची, पुढाऱ्यांनी भाषणं करायची, चहा घेऊन उठायचं. खोपडेंनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सुमारे ७०. त्यांत पुढारी आणि गुंड नकोत, साधी माणसं हवीत, आणि हिंदू-मुस्लिम समसमान हवेत, असा दंडक होता. काही घडलेलं नसतानाही बैठका व्हायच्या, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. नवरा-बायकोची भांडणं, शेजाऱ्यांची कुरबुर असे विषय तिथे निघत. यंत्रमागांच्या या गावात सूत, माग, मजुरी आणि व्यापार यांनी दोन्ही समाज आधीच एकमेकांत गुंतले होते. पण धंद्यातली ओळख अफवेच्या रात्री पुरत नाही. त्यासाठी एकमेकांच्या दारात जायची सवय लागते, आणि ती या बैठकांनी लावली. पोलीस शिपायाचंही तसंच. ज्याच्याशी लोक फक्त दंगलीत काठीच्या टोकाला भेटत, तो आता वस्तीच्या ओळखीचा झाला.

डिसेंबर १९९२ उजाडला तेव्हा खोपडेंची बदली झालेली होती. उपायुक्तपदी गुलाबराव पोळ होते. त्यांनी समित्या मोडल्या नाहीत, हेही नेतृत्वच. आधीच्या साहेबाचं काम पुसून आपली पाटी लावायची हौस आपल्याकडच्या कार्यालयांत किती जुनी आहे, हे वाचकांना सांगायला नको.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकाअखेरीस अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग इथे आठवतो. हुकूमशाही म्होरक्याच्या हाताखाली मुलं काम भरपूर करत. तो खोलीबाहेर गेला की काम कोसळे. सगळ्यांना विचारून चालणाऱ्या गटात म्होरक्या नसतानाही काम जवळपास तसंच चालू राही. पुढे व्यवस्थापनशास्त्रात कितीतरी सिद्धांत आले. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी तर या सगळ्याच्या आधीच करिष्म्यावर उभ्या सत्तेची मोठी अडचण दाखवली होती: ती माणसासोबत संपते. रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी सेवक-नेत्याची, म्हणजे आधी सेवा करणाऱ्या नेत्याची, कल्पना मांडली ती १९७०मध्ये, म्हणजे भिवंडी जळाली त्याच वर्षी. माझ्या मते खोपडेंचं खरं कर्तृत्व त्यांच्या धडाडीत नाही. वरिष्ठाच्या केबिनमध्ये साठलेला अधिकार त्यांनी शिपाई आणि वस्ती यांच्यात वाटून टाकला, त्यात आहे.

मुंबईनं ही कल्पना दंगलींनंतर उचलली. माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांनी पुढाकार घेऊन तिथे मोहल्ला समित्या सुरू केल्या.

भिवंडीत मात्र २००६च्या जुलैमध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून संघर्ष उसळला. पोलिसांच्या गोळीबारात नागरिक मेले, जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस शिपायांचा जीव गेला. ही हिंदू-मुस्लिम दंगल नव्हती; पोलीस आणि वस्ती यांच्यातलाच धागा तुटला होता. समित्यांनी सर्वांत आधी जोडला होता, तो नेमका हाच.