विमानाच्या तिकिटाचा भाव

साध्या एस.टी.च्या गाडीत बसल्यावर एक गोष्ट आपण गृहीतच धरतो. सरकारी सवलती सोडल्या, तर शेजारच्या माणसाने जेवढे भाडे दिले तेवढेच आपणही द्यायचे.  विमानात मात्र एकाच रांगेत बसलेल्या तिघांनी तीन निरनिराळ्या रकमा दिलेल्या असू शकतात, आणि त्यांत दुपटीचाही फरक असतो. असे का होते, हे समजून घेतले म्हणजे स्वस्त तिकीट मिळवणे ही नशिबाची गोष्ट राहत नाही.

आता कोणी म्हणेल, खेड्यातल्या माणसाला विमानाशी काय कर्तव्य? पण तो काळ गेला. कोणाचा मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे, कोणाचा जवान भाऊ सुट्टी संपवून सीमेकडे निघाला आहे, कोणाला रोग्याला घेऊन दिल्लीच्या मोठ्या इस्पितळात जायचे आहे. अशा वेळी विमानाचा प्रवास ही चैन नसते. आणि ज्या घरात तो वर्षातून एकदाच घडतो, त्या घराला दोन-चार हजारांची चूक सोसणारी नसते.

प्रथम भाव कसा ठरतो ते पाहू. विमानातली जागा ही नाशवंत वस्तू आहे. विमान उडाले की रिकाम्या जागेची किंमत शून्य. बाजारातल्या मेथीच्या जुडीसारखेच म्हणा ना! पण येथे एक गंमत आहे. भाजीवाली सांजेला भाव उतरवते. विमान कंपनी मात्र शेवटी शेवटी भाव चढवते. याचे कारण गिऱ्हाइकात आहे. सांजेचे गिऱ्हाईक मेथीवाचून राहू शकते. पण उद्याच्या विमानाचे तिकीट आज मागणारा माणूस बहुधा अडलेला असतो. कोणाची मुलाखत असते, कोणाच्या घरी दुखणे असते, तर कोणाला अंत्यविधीला पोहोचायचे असते. तो मागेल ती किंमत देतो. शिवाय शेवटी तिकीट स्वस्त होते असे एकदा लोकांना कळले, की सगळेच शेवटपर्यंत थांबतील. म्हणून कंपनी दोन प्रकारची गिऱ्हाइके वेगळी करते. ज्याला घाई नाही त्याला आधी आणि स्वस्तात; ज्याला निकड आहे त्याला शेवटी आणि महाग.

अशा शेवटच्या गिऱ्हाइकांसाठी किती जागा राखून ठेवाव्यात, याचा हिशेब १९७२ साली ब्रिटनच्या बी.ओ.ए.सी. या विमान कंपनीतील लिटलवुड नावाच्या गृहस्थांनी मांडला. पुढे १९७७ साली अमेरिकन एअरलाइन्सने आगाऊ खरेदीच्या अटीवर सवलतीची तिकिटे विकायला सुरुवात केली. आज हेच काम गणकयंत्रे करतात, तेही दिवसातून अनेक वेळा.

आपल्याकडे १९५३ साली विमान वाहतूक सरकारी झाली, आणि १९९४ साली तो कायदा रद्द होऊन खाजगी कंपन्यांना रीतसर वाट मोकळी झाली. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने कमी भाड्याची विमाने सुरू केली. एरवी भाडे ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना असते. मात्र मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या करोनाच्या काळात सरकारने किमान व कमाल भाड्याच्या मर्यादा घातल्या होत्या, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुष्कळ उड्डाणे रद्द होऊन भाडी भडकली तेव्हाही तात्पुरती कमाल भाडी ठरवून दिली. २०१७ पासून ‘उडान’ योजनेखाली लहान विमानतळांना जोडणाऱ्या काही मार्गांवर ठराविक जागांना कमाल भाड्याची मर्यादा असते. पण त्या जागा थोड्या, म्हणून लवकर संपतात.

आता व्यवहाराकडे वळू. समजा, विमानात १८० जागा आहेत. कंपनी त्यांचे मनातल्या मनात कप्पे पाडते. पहिल्या कप्प्यातल्या थोड्या जागा ४,००० रुपयांना, पुढच्या ४,७०० ना, त्यापुढच्या ५,५०० ना, अशी चढती भाजणी. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. एक कप्पा संपला की दुसरा उघडतो, आणि विक्री मंद दिसली तर बंद कप्पा पुन्हा उघडलाही जातो. म्हणून सकाळचा भाव दुपारी बदललेला दिसतो. आपण दोनदा पाहिले म्हणून यंत्राने मुद्दाम भाव वाढवला, किंवा मंगळवारी मध्यरात्री तिकिटे हमखास स्वस्त असतात, अशा समजुती पुष्कळ आहेत. त्यांच्या नादी लागून जागरण करण्यात अर्थ नाही.

या कप्प्यांवरून एक उपयोगाची युक्ती निघते. आपण चौघे आहोत आणि ४,००० च्या कप्प्यात दोनच जागा उरल्या आहेत. चार तिकिटे एकदम मागितली, तर यंत्र सामान्यतः चौघांनाही पुढच्या कप्प्याचा भाव लावते. म्हणजे ४,७०० प्रमाणे १८,८०० रुपये. तेच दोन-दोन करून काढली तर ८,००० अधिक ९,४००, म्हणजे १७,४०० रुपये. चौदाशे रुपये वाचले! म्हणून आधी एका माणसाचा भाव पाहावा, मग सगळ्यांचा. मात्र लहान मुलांचे तिकीट मोठ्या माणसाबरोबर एकत्रच काढावे, त्यात फोड करू नये.

शोध कसा घ्यावा? गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनर यांसारख्या तुलना करणाऱ्या जागी निरनिराळ्या कंपन्यांचे भाव एकत्र दिसतात, आणि महिन्याच्या दिनदर्शिकेवर कोणत्या तारखेला किती भाडे तेही दिसते. तारीख एक-दोन दिवस पुढेमागे करता आली तर सर्वांत मोठी बचत तेथेच होते. दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, गणपती, लागून आलेल्या सुट्ट्या या दिवसांत भाव चढे असतात. घाई नसलेल्या प्रवासासाठी महिना-दोन महिने आधी पाहायला लागावे, सणासुदीसाठी त्याहूनही आधी. जवळचे सगळे विमानतळही तपासावेत. सांगलीच्या माणसाने कोल्हापूर, बेळगाव, पुणे, मुंबई अशी चारही नावे घालून पाहावीत. कोकणातल्याने गोव्याचे दाबोळी आणि मोपा हे दोन्ही पाहावेत. भाव पटला की मग त्या विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन तेच तिकीट केवढ्याला आहे ते पाहावे. फरक नसेल तर तेथूनच काढावे. पुढे वेळ बदलली किंवा पैसे परत मागायचे झाले, तर मध्यस्थ नसलेला बरा.

पण पडद्यावर सर्वांत वर दिसणारे तिकीट सर्वांत स्वस्त असतेच असे नाही. एक हिशेब करून पाहू. वर सांगितलेल्या सांगलीच्या चौघांना पुण्याहून दिल्लीला जायचे आहे. पहाटे साडेपाचच्या विमानाचे भाडे माणशी ५,२००, दुपारच्याचे ५,९००. पहाटेच्या विमानात चौघांचे २,८०० रुपये वाचतात खरे. पण त्यासाठी रात्रीच पुण्यात यावे लागते. खोलीचे १,५०० आणि अवेळी रिक्षाचे ६०० गेले. शिवाय ते भाडे मोठ्या सामानाशिवायचे निघाले, आणि दोन बॅगांचे २,४०० वेगळे पडले. एकूण ४,५००. म्हणजे स्वस्त तिकीट १,७०० रुपयांनी महाग पडले! हेही आकडे कल्पित आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या उंबरठ्यापर्यंतचा खर्च मांडावा. आणि तसा मांडल्यावर आगगाडी परवडते असे दिसले, तर खुशाल आगगाडीने जावे.

तिकिटाच्या रकमेत मूळ भाडे, विमानतळाचे व सुरक्षेचे शुल्क आणि साध्या वर्गासाठी पाच टक्के जी.एस.टी. असतो. पैसे भरण्याच्या वेळी यात हळूच आणखी भर पडते: खिडकीची जागा, जेवण, विमा, वर ‘सुविधा शुल्क’. ग्राहकाच्या नकळत त्याच्या टोपलीत वस्तू टाकणे हे नोव्हेंबर २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक नियमांनी गैर ठरवले आहे. तरीपण आपले डोळे उघडे हवेत. प्रत्येक खूण नीट वाचावी, नको ती काढून टाकावी. ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी, सैनिक यांना काही कंपन्या सवलत देतात. पण ती बहुधा मूळ भाड्यावर असते. सवलतीची अंतिम रक्कम आणि साध्या तिकिटाची अंतिम रक्कम शेजारी शेजारी ठेवूनच निवड करावी.

तिकीट काढताना चार गोष्टी सांभाळाव्यात. एक, नाव आधार कार्डावर किंवा अन्य ओळखपत्रावर आहे तसेच लिहावे. एकाचे तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही. दोन, मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख दोनदा वाचावी. १५ तारखेचे रात्री साडेबाराचे विमान म्हणजे १४ तारखेची रात्र. १५ च्या रात्री गेलात तर विमान आदल्या दिवशीच गेलेले असते. तीन, मोबाईल क्रमांक प्रवाशाचा द्यावा, तिकीट काढून देणाऱ्याचा नव्हे. वेळ बदलल्याचा निरोप त्याच क्रमांकावर येतो. चार, तिकिटावरचा पी.एन.आर. क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून ते खरे असल्याची खात्री करावी. दोन वेगवेगळी तिकिटे जोडून प्रवास करणार असाल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. पहिले विमान उशिरा आले म्हणून दुसऱ्याची कंपनी थांबत नाही.

जाणे रद्द झाले तर? स्वस्त तिकिटाचे मूळ भाडे बहुधा बुडते. पण सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत मिळण्याचा आपला हक्क आहे, मग तिकीट कितीही सवलतीचे असो आणि आपण विमानतळावर गेलोच नसलो तरीही. पुष्कळ लोक ‘परतावा नाही’ हे शब्द वाचून मागतच नाहीत, आणि रक्कम तशीच राहते. ती मागावी. दाद मिळाली नाही तर विमान मंत्रालयाची ‘एअरसेवा’ आहे, आणि १९१५ हा ग्राहकांचा मदत क्रमांक आहे.

येथेच सर्वांत मोठा धोकाही आहे. पैसे परत हवे असलेला माणूस मोबाईलवर कंपनीचा फोन नंबर शोधतो. भामट्यांनी तेथे आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. मग पलीकडचा गोड बोलून एखादे ॲप घ्यायला लावतो, ओ.टी.पी. विचारतो, ‘पैसे जमा होण्यासाठी पिन टाका’ म्हणतो. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. नंबर घ्यायचा तो तिकिटावरून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरूनच. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० वर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता अधिक.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. गावात अशा कामासाठी लोक बहुधा तुमच्याकडेच येतात. तिकीट जरूर काढून द्या, पण पिन आणि ओ.टी.पी. ज्याचा त्यालाच टाकू द्या. त्यात त्याचे हित आहे आणि तुमचेही. दुसरे असे, की सातवी-आठवीच्या वर्गात हा सुंदर गणिताचा तास होऊ शकेल. एकाच मार्गाचे एकाच तारखेचे भाडे मुलांनी रोज शाळेत पाहावे, फळ्यावर तक्ता मांडावा, महिनाभराने आलेख काढावा, आणि घरापासून मुक्कामापर्यंतचा हिशेब करावा. विमानात बसण्याची वेळ त्यांच्यावर केव्हा येईल ती येवो. भाव सांगणाऱ्याला ‘यात काय काय धरले आहे?’ असे विचारण्याची सवय मात्र त्यांना बी-बियाणांच्या दुकानातही उपयोगी पडेल.